रोज रात्री एकेक थेंब

बाजाराच्या दिवशी

आठवडी बाजारात अल्फिया माझ्या मागून चालत होती. तेव्हा ती सात वर्षांची होती. मी वांगी निवडायला खाली बसले, पिशवी भरून उठले, तर पोरगी नाही. पंधरा मिनिटं मी त्या गर्दीतून वेड्यासारखी फिरले. शेवटी मिरच्यांच्या ओळीत एका म्हातारीजवळ उभी असलेली सापडली. रडत नव्हती, नुसती उभी होती.

"आवं, एका बाईच्या मागं मागं आली ही हितवर," मिरचीवाली म्हणाली. "त्या बाईनं वळून बघितलं तवा हिला कळलं, आपली आई न्हवं ती."

"अम्मी, तिची ओढणी पण हिरवी हुती," अल्फिया म्हणाली.

मी तिला एक धपाटा घातला. जीव भांड्यात पडल्यावर आईचा हात आधी उठतो, तसा उठला. घराकडे येताना मात्र तेच डोक्यात फिरत राहिलं. ओढणीवरून? चार हातांवरच्या बाईचं तोंड हिला दिसत नव्हतं?

ही गोष्ट मला आधी कळायला हवी होती, आणि दुसऱ्या कुणाहीपेक्षा मला कळायला हवी होती. कारण कोरेगावात, माझ्या माहेरी, मी स्वतः अशीच वाढले. माणसं कपड्यांच्या रंगावरून ओळखायची, नाहीतर चालीवरून. लांबून कुणी हात केला की आपणही करायचा, मग तो कुणी का असेना.

आम्ही कवठे महांकाळला राहतो. अल्फियाच्या अब्बांचं पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे. मी घरी ब्लाउज शिवते. तिसऱ्या माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही सगळे अम्मा म्हणतो. अल्फिया पाच वर्षांची असल्यापासून माझ्या मशीनशेजारी बसून ब्लाउजच्या गळ्याला मणी लावायची. एवढ्या बारीक सुईत एका झटक्यात दोरा ओवायची. गिऱ्हाईक बायका कौतुक करायच्या, "काय डोळे हायती गं पोरीचे!" मीही फुगायचे. शाळेतल्या बाईंनी दोनदा निरोप धाडला होता, फळ्यावरची गणितं चुकीची उतरवून घेते, लक्ष नसतं म्हणून. त्यावर मी पोरीलाच रागावले होते.

सांगलीला

गावातल्या चष्म्याच्या दुकानात तपासलं तर दोन्ही डोळ्यांना मायनस तीन नंबर निघाला. दुकानदार म्हणाला, "वय लय लहान हाय. चष्मा देतो, पण आधी सांगलीला मोठ्या डॉक्टरला दाखवा."

दुकानात मोटारींची रांग लागलेली, त्यामुळे हे आले नाहीत. माझ्याबरोबर अम्मा आल्या. दवाखान्यात बाहुली मोठी करायचे थेंब तीनदा घातले. ते झोंबतात. अल्फिया ओरडली, मग हुंदके देत अम्मांच्या मांडीवर डोळे मिटून पडली. दीड तास आम्ही बाकावर बसून होतो. समोर तशीच डोळे मिटलेली आणखी चार-पाच पोरं. सगळ्या आयांचे चेहरे सारखेच दिसत होते, उतरलेले.

डॉक्टर मॅडम माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी तपासलं, मशीनवर डोळ्याची लांबी मोजली आणि मला विचारलं, "घरात आणखी कुणाला चष्मा आहे?"

"मला."

"तुमचा किती?"

"एकाचा नऊ, एकाचा साडेनऊ."

"कितव्या वर्षी लागला?"

अम्मा माझ्या शेजारच्याच खुर्चीत होत्या. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि सासरी मी एकच सांगत आले होते, शिवून शिवून डोळे गेले म्हणून. मला बघायला ही मंडळी कोरेगावात आली त्या दिवशी माझ्या आईने माझा चष्मा तांदळाच्या डब्यात ठेवला होता. मी स्वयंपाकघरापासून बैठकीपर्यंत पावलं मोजून चहाचा ट्रे नेला होता.

खोटं बोलायचं मनात आलं. पण मॅडमच्या हातात पेन होतं आणि त्या लिहून घ्यायला थांबल्या होत्या.

"आठव्या," मी म्हणाले.

अम्मांनी माझ्याकडे मान वळवून बघितलं.

मॅडमनी समजावून सांगितलं ते मला जसं कळलं तसं सांगते. हा नंबर कमी होत नाही. पोर वाढतं तसा डोळाही लांबट होत जातो आणि नंबर चढतो. आपल्या हातात एवढंच, की तो चढायचा वेग कमी करायचा. त्यासाठी पूर्ण नंबरचा चष्मा, दिवसभर. रोज रात्री झोपताना दोन्ही डोळ्यांत औषधाचा एकेक थेंब. उजेडात, मोकळ्यावर रोज दोन तास. जवळचं काम कमी, मधेमधे विसावा. आणि दर सहा महिन्यांनी तपासणी.

"आणि नाही केलं तर?" मी विचारलं.

"नंबर जितका मोठा, तितका आतला पडदा ताणून पातळ होतो. पुढे मोठेपणी त्याचा धोका असतो. म्हणून लहानपणीच धरायचं."

"किती दिवस करायचं हे?"

"दिवस नाही हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पंधरा-सोळा वर्षांची होईपर्यंत धरून चाला."

मी मनात वजाबाकी केली. आठ-नऊ वर्षं. ताप तीन दिवसांत उतरतो, मोडलेला हात सहा आठवड्यांत जुळतो. आठ-नऊ वर्षांचं दुखणं, जे दुखतही नाही, ते कसं सांभाळायचं मला समजेना.

येताना एसटीने मिरज सोडली. अम्मा खिडकीकडे बघत म्हणाल्या, "कोरेगावच्या लोकांनी आमाला फसवलं."

मी मान खाली घातली.

थोड्या वेळाने परत म्हणाल्या, "पर चहा न्हाई सांडलास तू त्या दिवशी. एवढी आंधळी असून."

हसावं की रडावं मला कळलं नाही. अल्फिया आमच्या मधे झोपली होती.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ते तारेचं वेटोळं हातात घेऊन बसले होते. म्हणाले, "तुझं मला पहिल्याच आठवड्यात कळलं हुतं. सकाळी उठून आधी उशाशी चाचपायचीस. आता पोरीचं बघ."

"लांब बघ!"

थेंबांचं सोपं गेलं असं म्हणणार नाही, पण जमलं. अवघड गेले ते दोन तास. मला मशीन सुटत नाही, ह्यांना दुकान. शाळेत मैदान आहे, पण पोरं वर्गातच डांबलेली. मग नेणार कोण?

अम्मांना चष्मा मुळीच पसंत नव्हता. "चष्म्यानंच नंबर वाढतो," असं त्या सगळ्यांना ठासून सांगायच्या. पाहुणे आले की अल्फियाच्या नाकावरून चष्मा काढून स्वतःच्या कमरेला खोचायच्या. पोरीच्या जातीला चष्मा लागलेला चार माणसांना कशाला दाखवायचा, असं त्यांचं म्हणणं. त्यावरून माझी आणि त्यांची दोनदा चांगलीच जुंपली. आणि तरी, औषध सुरू झाल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशीच संध्याकाळी अम्मांनी चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चल गं अल्फी."

त्यांचे गुडघे कामातून गेलेले. शाळेच्या मैदानाच्या कडेला लिंबाखाली एक धोंडा आहे, त्यावर त्या बसायच्या आणि पोरीला पिटाळायच्या. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही, म्हणून सकाळी शाळेआधी एक तास आणि ऊन कलल्यावर एक. सावलीतला उजेडही चालतो, असं मॅडमनी सांगितलं होतं. अम्मांनी मात्र त्याचा वेगळाच अर्थ काढला. लांब बघितलं की डोळा सुधारतो, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. धोंड्यावरून ओरडायच्या, "लांब बघ! टाकीवर काय बसलंय सांग! कावळा हाय का साळुंकी?" अल्फिया काहीतरी ठोकून द्यायची आणि पळत सुटायची. अम्मांना स्वतःला तरी कुठं दिसत होतं, एका डोळ्यात मोतीबिंदू!

कुणी विचारलं तर म्हणायच्या, "नातीच्या डोळ्याचं औषध चालू हाय. दोन तासाचा डोस हाय."

शाळेत पोरं तिला ढापणी म्हणायला लागली. एक दिवस चष्मा दप्तरात घालूनच घरी आली. मी माझाच चष्मा काढून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "आता मी तुला कशी दिसते ते मला विचार." तिने विचारलं. "तुझ्या जागी एक निळा ढग दिसतोय," मी सांगितलं. तिचा फ्रॉक निळा होता. तिला हसू आलं. दुसऱ्या दिवशी चष्मा घालून गेली, पण चिडवणं काही थांबलं नाही. ते एका दिवसात थांबत नाही.

मण्यांचं काम मी बंद केलं. ती खूप रडली. मलाही जड गेलं. दिवसभरात ती माझ्याजवळ बसायची तो एवढाच वेळ होता, आणि तो मीच काढून घेतला.

पहिल्या वर्षात अर्धा नंबर वाढला. दुसऱ्या वर्षात पाव. डॉक्टर मॅडम खूश होत्या. घरी हे सांगितल्यावर आम्ही नवराबायको एकमेकांकडे बघत बसलो. एवढं सगळं करून वाढलाच, आणि वर डॉक्टर खूश! मंद वाढणं हेच यश असतं, हे डोक्याला कळतं. मनाला कळायला फार वेळ जातो.

चार महिने

हे लिहायला मला सगळ्यात जास्त जड जातंय, पण ह्याच्याचसाठी लिहायला बसले आहे.

अल्फिया नऊ वर्षांची होती. ईद आणि लग्नसराई एकत्र आली. ब्लाउजांचे गठ्ठे पडले होते, माझी मान धरली होती. थेंबांची बाटली उघडली की महिन्याने टाकून नवी घ्यावी लागते. आमच्या गावात ते औषध मिळत नाही, सांगलीहून आणावं लागतं. एक बाटली संपली. म्हटलं, पुढच्या आठवड्यात आणू. पुढच्या आठवड्यात अम्मा पडल्या, त्यांच्या कमरेला मार बसला. मैदानावर जाणं तेव्हाच थांबलं. आठवड्याचा महिना झाला.

खरं सांगायचं तर बाटली आणता आली असती. ह्यांचा माणूस मिरजेला सामान आणायला जायचा, त्याला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. रोज रात्री त्या पोरीच्या मागं लागणं, डोकं मागं कर, हलू नको, डोळ्याचा कोपरा दाबून धर, आणि एवढं करून काही झालं असं कधी दिसतच नाही. मला त्याचा कंटाळा आला होता. कंटाळा हा शब्द लहान वाटतो, पण तोच खरा आहे. थेंब नसल्याने पोरीला काही झालं नाही. ती हसत होती, खेळत होती, वाचत होती. पहिल्या रात्री जीव खाली-वर झाला. दहाव्या रात्री मला आठवणसुद्धा झाली नाही.

हे विचारायचे, "थेंब घातले का?" मी हो म्हणायचे. अल्फिया ऐकायची आणि काही बोलायची नाही.

असे चार महिने गेले.

तपासणीच्या दिवशी ह्यावेळी हे बरोबर आले. मॅडमनी तपासलं, परत तपासलं, लांबी मोजली आणि जुना कागद समोर धरला. सहा महिन्यांत एक नंबर वाढला होता. पावणेचारचा पावणेपाच.

"थेंब रोज चालू आहेत ना?" त्यांनी विचारलं.

अल्फियाने माझ्याकडे बघितलं. बाहुल्या मोठ्या केलेल्या, तिला धड दिसतही नसेल, तरी तिने बरोबर माझ्या तोंडाकडे बघितलं.

"हो, रोज," मी म्हणाले.

मॅडम विचारात पडल्या. "मग हे औषध हिला पुरत नाहीये. ताकद वाढवावी लागेल. जास्त ताकदीने उजेड जरा जास्त टोचतो, जवळचं वाचायला त्रास होऊ शकतो. पण दुसरा इलाज दिसत नाही." त्या लिहायला लागल्या.

माझी लबाडी झाकायला पोरीच्या डोळ्यात जास्तीचं औषध जाणार होतं. आणि पोरगी मला वाचवायला गप्प बसली होती. नऊ वर्षांची पोरगी.

"मॅडम, थांबा," मी म्हणाले. "थेंब चार महिने घातलेले न्हाईत."

त्यांचं पेन थांबलं. हे खुर्चीत सरळ झाले. "काय?"

"मी आणलेच न्हाईत."

मला वाटलं आता मॅडम फाडून खातील. त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला, त्यांनाही चष्मा आहे, आणि डोळे चोळले.

"बरं केलंत सांगितलंत," त्या म्हणाल्या. "पुष्कळ जण सांगत नाहीत. मग मी चुकीचं औषध लिहीत बसते." मग वाढवलेली ताकद खोडली आणि जुनंच औषध लिहिलं. "गेलेलं परत येणार नाही. आजपासून परत सुरू करा. आणि बंद करायचं झालं तर एकदम बंद करू नका, मला विचारा. एकदम सोडलं की नंबर उसळतो."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या डोळ्यांचे पडदे कधी तपासलेत?"

कधीच तपासले नव्हते. त्याच दिवशी तपासले. उजव्या डोळ्याचा पडदा एका कडेला विरलेला होता, जुन्या कपड्यासारखा. पुढच्या आठवड्यात लेसर करून घेतलं. वेळेवर सापडलं म्हणून डोळा वाचला, असं मॅडम म्हणाल्या. पोरीला ज्याच्यापासून वाचवायचं होतं ते माझ्याच डोळ्यात बसलेलं होतं, आणि मी ब्लाउजांचे गठ्ठे मोजत होते.

तपासणीहून आलो त्या दिवशी हे घरी जेवले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं तेव्हा म्हणाले, "मला सांगायचं हुतंस. दमलीस म्हणायचं हुतंस. मी आणली असती बाटली."

"तुमी कवा विचारलंत दमलीस का म्हणून?"

ते उठले. मग मोरीत जाऊन हात धुतले. मोटारीच्या वॉर्निशचा काळा थर साबणाने निघत नाही, म्हणून दोनदा धुतले, मला वास घ्यायला लावला आणि अल्फियाला हाक मारली.

त्या दिवसापासून थेंब ते घालतात. पहिले पंधरा दिवस गालावरच जास्त पडायचे.

आता

अल्फिया बारा वर्षांची आहे. नंबर साडेपाचवर आला आहे. अम्मा आता मैदानावर जाऊ शकत नाहीत. अल्फिया मैत्रिणींबरोबर सायकल घेऊन जाते, आणि मोठी होत चाललेली मुलगी एवढा वेळ बाहेर कशाला, असं शेजारी कुणी म्हटलं तर अम्माच दारातून उत्तर देतात. पाहुण्यांसमोर चष्मा काढणं त्यांनी केव्हा सोडलं ते मला सांगता येणार नाही. माझ्या लक्षातच आलं नाही.

ज्यांच्या घरात हे नुकतंच सुरू झालंय त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे थोडंच आहे. चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही. कांद्याचा रस, मध, गुलाबपाणी, कुणी काहीही सांगितलं तरी पोराच्या डोळ्यात घालू नका. औषध एकट्या आईच्या गळ्यात बांधू नका, कामं वाटून घ्या. एखाद्या दिवशी चुकलं तर दुसऱ्या दिवशी घाला. बरेच दिवस चुकलं तर डॉक्टरांना सांगा, लाज वाटली तरी सांगा. आणि आपल्याला मोठा नंबर असेल तर आपलाही पडदा दाखवून घ्या.

बाकी दमणूक आहे ती आहे. तिच्यावर थेंब नाहीत.

मागच्या महिन्यात तपासणीला गेलो होतो. मॅडमनी दोनदा मोजलं आणि म्हणाल्या, "ह्यावेळी काहीच वाढ नाही. लांबीही जवळजवळ तेवढीच."

"मग थेंब बंद?" ह्यांनी विचारलं.

"अजून नाही. वय लहान आहे. चालू ठेवा."

आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही असेल. पण दवाखान्यातून बाहेर पडल्यावर आम्ही दोघं नुसते उभे राहिलो. डोक्यावरचं ओझं उतरल्यावर मान थोडा वेळ तशीच ताठ राहते, तसं झालं. अल्फियाच्या बाहुल्या ह्यावेळी मोठ्या केल्या नव्हत्या, उन्हात डोळे मिटून घ्यावे लागत नव्हते, म्हणून तिने उसाचा रस प्यायचा हट्ट धरला. तो प्यालो आणि आमच्या गावावरून पुढे जाणारी जतची गाडी पकडली.

गाडीत जागा मिळाली. मिरज गेली तेवढं आठवतं. मग मला झोप लागली. ह्यांनाही लागली असणार, कारण अल्फियाने आम्हा दोघांना एकदमच हलवलं.

"अब्बा, उठा की. अम्मी! आपलं गाव आलं."

ह्यांनी दचकून खिडकीबाहेर बघितलं. बाहेर शेतं आणि एक पत्र्याची शेड. "कुठं आलंय? काय दिसंना तर."

"पुढं बोर्ड हाय न्हवं का," ती म्हणाली. "कवठे महांकाळ लिवलंय."

मीही वाकून पुढच्या काचेतून बघितलं. रस्त्याच्या कडेला लांबवर एक हिरवट ठिपका होता, त्यावर काही लिहिलंय की नाही हेसुद्धा मला माझ्या चष्म्यातून कळेना. आम्ही पिशव्या शोधत होतो, माझी एक चप्पल सीटखाली गेली होती. तेवढ्यात अल्फियाने उठून दांडा धरला आणि कंडक्टरला सांगितलं, "मामा, गाडी थांबवा. आमचे अम्मी-अब्बा आत्ताच उठलेत."